मुक्या विमानाचा मुराळी

उन्हाळ्यात आमचं गोंदिया मालवणच्या जवळ सरकतं. मे महिन्यात ते बावन्न मिनिटांवर येतं आणि जानेवारीत पुन्हा साठ मिनिटांवर जातं. हे ऐकून पाहुणे माझ्याकडे जरा दयेनं बघतात. पण ही मोजणी माझीच आहे आणि तिच्यासाठी मला पगार मिळतो, तेव्हा हे वेड असलंच तर सरकारमान्य आहे.

अंतर तेच राहतं. आमच्या बिरसीच्या धावपट्टीपासून मालवणजवळच्या चिपीच्या माळापर्यंत सरळ रेघ ओढली तर नऊशे चाळीस किलोमीटर भरतात. रस्त्यानं गेलात तर एक अख्खा दिवस, वर काही तास, आणि कंबर गेली ती गेलीच. पूर्वीची विमानं मधे कुठल्यातरी मोठ्या विमानतळावर चार-पाच तास ताटकळत ठेवायची. मग मुकं विमान आलं.

मुकं हे त्याला लोकांनी दिलेलं नाव. आवाजापेक्षा वेगानं जाणारं विमान आपल्यामागे आवाजाची एक लाट ओढत नेतं. ती जमिनीवर आदळली की मोठा धडाका होतो, काचा तडकतात, म्हशी दावं तोडतात. म्हणून वस्तीवरून असं विमान नेऊ देत नसत. त्यावरची युक्ती हवेतच होती. उंचावरची हवा थंड असते आणि थंड हवेत आवाज सावकाश चालतो. जमिनीजवळची हवा गरम, तिथे तो भराभर चालतो. बैलगाडीच्या एका बैलानं पाय उचलला की गाडी दुसऱ्या बैलाच्या बाजूला वळते, तसंच इथे होतं. वरून तिरकी येणारी लाट गरम हवेत शिरली की तिचा खालचा भाग पुढे धावतो, लाट वर वळू लागते आणि जमिनीला न टेकताच आकाशात निघून जाते. विमानानं एवढंच सांभाळायचं, की वरच्या थंड हवेतल्या आवाजाला मागे टाकायचं, पण जमिनीजवळच्या आवाजाला नाही. जमीन जितकी तापलेली, तितकी वेगाला सूट जास्त. गोंदिया उन्हाळ्यात जवळ येतं ते असं.

ही सूट रोज नव्यानं मोजावी लागते. गणितं यंत्र करतं, पण कुठल्या तलावावर सकाळी गार हवा साचून राहते आणि कुठल्या खाणीवरून ती उकळत वर येते, हे यंत्राला मी शिकवलं. कागदोपत्री माझा हुद्दा मार्गगणक. कँटीनमधली मंडळी मला वाटमोजे म्हणतात, आणि कँटीनबाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी मी खडूनं लिहितो: आजचा वेळ इतकी मिनिटं. पडद्यावर तोच आकडा झळकत असतो, तरी लोक फळाच बघायला येतात. सुरुवातीला तिथे चौसष्ट लिहिलेलं असायचं. एकेक मिनिट कातरत मी ते सरासरी छप्पन्नावर आणलं. नऊ वर्षांत एकही धडाका जमिनीवर पडू दिला नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

त्या विमानात मी स्वतः मात्र कधी बसलो नव्हतो. वाट इतकी पाठ झालेली होती की जावंसंच वाटत नसे.

माझी एकुलती एक मुलगी मैथिली. पुण्याला शिकायला गेली आणि मालवणचा सर्वेश मयेकर पसंत करून आली. सर्वेश समुद्रात शेवाळाची शेती करतो, दोरांवर शेवाळ वाढवतो आणि वाळवून औषधांच्या कारखान्यांना देतो. मुलगा चांगला होता. पण माझी बायको प्रतिभा अडून बसली. तिनं नकाशा काढला, गोंदियावर एक बोट ठेवलं, मालवणवर दुसरं, आणि ती बोटं मला दाखवली. तेव्हा मी तिला विमानतळावर घेऊन गेलो आणि फळ्यासमोर उभं केलं. नागपूरला जायला याच्या दुप्पट वेळ लागतो, असं तिला ऐकवलं. पोरगी दर रविवारी घरी असेल, असाही शब्द दिला. हे लग्न छप्पन्न मिनिटांनी जमवलं, आणि ती मिनिटं माझी होती.

शब्द खरा झाला. सहा वर्षं मैथिली दर रविवारी यायची. नऊ चाळीसला विमान उतरायचं, दहाला ती घरात असायची. हातात फक्त एक पर्स. आईच्या हातचं लाखोळीच्या डाळीचं वरण खायची, माझ्या शेजारी झोपाळ्यावर बसायची आणि घड्याळ काढून ताटाजवळ ठेवायची. बाराला पाच कमी असताना चपला घालायची, कारण साडेबाराचं परतीचं विमान. जाताना म्हणायची, "निघते बाबा." आमच्याकडे मुली "येते" म्हणतात. मला ते खटकायचं, पण पुढचा रविवार सात दिवसांवर असायचा, तेव्हा मनावर घेतलं नाही.

सहा वर्षांत ती आमच्या घरी एक रात्रही झोपली नाही. दिवाळीतसुद्धा सकाळी येऊन दुपारी जायची. तिच्या खोलीतल्या पलंगावर प्रतिभानं हळूहळू वाळवणाचे डबे मांडले.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. रविवारच होता. मैथिलीनं चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली, दाराशी टॅक्सी येऊन उभी राहिली. तेव्हा ती वळली आणि अगदी साध्या आवाजात आईला म्हणाली, "आई, श्रावणात मला तिसरा महिना होता. गेलं ते. आता बरी आहे मी." तीन महिने भरेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं, म्हणून आम्हाला आधीची आनंदाची बातमीही ठाऊक नव्हती. प्रतिभाच्या हातात पळी होती. ती पळी घेऊन दोन पावलं पुढे आली, तोवर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला आणि मैथिली निघून गेली. चार मिनिटं उरलेली बघूनच पोरीनं ते वाक्य बोलायला काढलं होतं. मला ते तेव्हाच कळलं.

त्या दुपारी मी मागचे रविवार मोजले. ते झाल्यावर ती तीन वेळा आमच्याकडे येऊन गेली होती. वरण जेवली होती, माझ्या विनोदांना हसली होती. माझं विमान जसं आमच्या छपरावरून आवाज न पाडता जातं, तसं माझ्या लेकीचं दुःख तीन वेळा या घरावरून गेलं आणि खाली टेकलं नाही. मला रडू आलं. मी लपवलं नाही, आणि प्रतिभानंही समजूत घातली नाही.

आता मला एकच गोष्ट हवी होती. पोरीनं चार दिवस या घरात झोपावं, मनात जे काही आहे ते बाहेर काढावं. मी फोन केला. रजा घे, राहायला ये, असं तीन-तीनदा सांगितलं. परतीची तारीख मोकळी ठेवून तिकीटही पाठवलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं, की दर रविवारी येतेच ना बाबा. आणि रविवारी पर्स घेऊन आली, घड्याळ ताटाजवळ ठेवून बसली. आई तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तर तिनं हसून पाण्याचा तांब्या मागितला. मला तिचा रागच आला, खरं सांगतो. आम्ही परके झालो का, असं मी प्रतिभाला विचारलं.

प्रतिभा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"ती येते म्हनता तुम्ही. हे काय येनं आहे का? बसस्टँडवर ओळखीचं मानूस भेटते, तसं भेटून जाते ती." मग म्हणाली, "सहा वर्सात तिले आनाले कोनी गेलं का? एकदा तरी?"

मी म्हणालो, आणायला कशाला जायला हवं, तासाभराचीही वाट नाही.

"वाटेचं नाही बोलत मी," प्रतिभा म्हणाली. "मुराळी कोन गेला, ते विचारून राह्यली."

मुराळी हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस जातो तो मुराळी. प्रतिभाचा थोरला भाऊ लांजीहून सायकलवर तिला न्यायला यायचा. दारात सायकल टेकवायचा, शिदोरीचं गाठोडं माझ्या आईच्या पुढ्यात ठेवायचा, आणि न्यायला आलो म्हणायचा. मग माझी आई थोडे आढेवेढे घ्यायची, तेवढ्यात प्रतिभाची पिशवी भरून तयार असायची. पंधरा दिवस ती जायची. तो मला फार कंटाळवाणा रिवाज वाटे. मैथिलीला सख्खा भाऊ नव्हता, मामा थकला होता, आणि मी सगळ्यांना ऐकवलं होतं की या विमानानं मुराळ्याची नोकरी घालवली. लोक हसले होते, आणि मलाही तो विनोद फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मी पंधरा दिवसांची रजा टाकली. नऊ वर्षांतली पहिली. प्रतिभानं पहाटे उठून उडदाचे बडे आणि सुवाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, तळल्या, धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात गाठोडं बांधलं. बाप मुराळी होऊन जात नसतो, हे तिनंच मला बजावलं आणि तिनंच गाठोडं हातात दिलं. विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोरीनं गाठोडं यंत्रातून दोनदा फिरवलं आणि वाटमोजे काका आज स्वतः कुठे निघाले म्हणून विचारलं. लेकीला आणायला, एवढंच मी म्हणालो. फळ्यावर माझ्या जागी आलेल्या माणसानं पंचावन्न लिहिलं होतं. माझ्या मनात छप्पन्न आले होते. मी खडूला हात न लावता पुढे गेलो.

विमान वर चढलं आणि पुढे सगळं झोपेत घडावं तसं झालं. आधी भाताची हिरवी खाचरं, मग तलाव, एकामागून एक, सकाळच्या उन्हात चमकणारे. वैनगंगा दिसली न दिसली तोच मागे पडली. कप्तानानं सांगितलं की आता आपण आवाजाच्या पुढे आहोत. काहीही झालं नाही. कपातला चहा हललासुद्धा नाही. मी काचेला कपाळ लावून खाली बघत होतो. जी वाट मी आकड्यांत ओळखत होतो, तिच्यावर घरं होती, आणि त्या घरांवर आमची सावली एवढीशी, माशीएवढी, पळत होती. खाली कोणी मान वर करत नव्हतं. आमची लाट त्यांच्या डोक्यावर येत होती, वळत होती, परत जात होती, आणि कोणाला पत्ताही नव्हता. इतकी वर्षं मला हे यश वाटलं होतं. त्या सकाळी ते जरा एकटं वाटलं.

मग डोंगर खाली कोसळले, झाडी दाट झाली, आणि समोर समुद्र उभा राहिला. चाकं टेकली तेव्हा मी घड्याळ बघितलं. छप्पन्न मिनिटं झाली होती.

मयेकरांचं घर खाडीजवळ आहे. अंगणात बांबूच्या मांडवांवर शेवाळ वाळत होतं आणि हवेला खारट वास होता. सर्वेश होडी घेऊन गेलेला होता. विहीणबाई एका बाजूला शेवाळ उलटत होत्या. मला बघून त्यांनी हात पदराला पुसले. मी गाठोडं त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवलं आणि जे वाक्य विमानात मनातल्या मनात पंचवीस वेळा घोकलं होतं ते म्हटलं, "लेकीला न्यायला आलोय."

विहीणबाई त्या गाठोड्याकडे बघतच राहिल्या. मग ओट्यावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"सहा वर्सां वाट बघतंय मी, कोण तरी न्हेवक येतलो म्हणान," त्या म्हणाल्या. "श्रावणापासून तर रोज दाराकडे डोळे. आम्ही आपणहून पाठवलंव असतां तर लोक काय म्हणतले? पोर गेलां म्हणान सुनेक भायर काढल्यांनी."

माणूस न पाठवणारं माहेर हे लेक नको असलेलं माहेर, असं त्यांच्याकडे धरतात. आमच्याकडेही तसंच धरतात. फक्त माझ्या हातात विमान होतं, म्हणून मी विसरलो.

मैथिली शेवाळाच्या मांडवाआडून आली. कोपरापर्यंत हात ओले होते. तिनं आधी मला बघितलं, मग ओट्यावरचं गाठोडं बघितलं. बाबा, आज मंगळवार आहे, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ठाऊक आहे, पंधरा दिवसांसाठी आलोय, पिशवी भर.

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि बराच वेळ गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत राहिली.

"बाबा, मी एकटी बॅग घेऊन आले असते, तर तुम्ही पहिल्यांदा काय विचारलं असतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण एवढ्या लांब आलो होतो. "भांडून आलीस का, असं विचारलं असतं," मी म्हणालो.

"म्हणून पर्स घेऊन यायचे."

विहीणबाईंनी मला चहा दिला, माशांचं जेवण घातलं, आणि मुराळ्यापुढे जेवढे आढेवेढे घ्यायचे असतात तेवढे घेतले. आठच दिवस न्या म्हणाल्या, मग बारा म्हणाल्या, मग पंधरावर आल्या. सर्वेश होडीवरून आला, त्यानं काही न विचारता माळ्यावरून बॅग काढून दिली आणि तिची धूळ स्वतःच्या सदऱ्यानं पुसली. मोठी निळी बॅग होती, लग्नात आम्हीच दिलेली. सहा वर्षांत ती एकदाही उघडली नव्हती.

परतीच्या विमानात मैथिली खिडकीशी बसली. चाकं जमिनीवरून सुटायच्या आत तिचा डोळा लागला आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. लहानपणी ती अशीच झोपायची, तोंड थोडं उघडं ठेवून. पश्चिमेचा वारा पाठीशी होता. तसा वारा मिळाला की माझी छाती दरवेळी फुगते, कारण दोन-तीन मिनिटं वाचतात. त्या दिवशी मात्र आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की वारा उलटा फिरावा, जमीन गार पडावी, हे विमान चौसष्ट मिनिटं, शंभर मिनिटं, संध्याकाळपर्यंत असंच चालत राहावं. त्रेपन्नाव्या मिनिटाला आम्ही उतरलो. मी तिला उठवलं नाही. सगळे उतरून गेल्यावर हवाईसुंदरीनं उठवलं.

घरी प्रतिभानं पलंगावरचे डबे हलवले होते. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मैथिली त्या पलंगावर पडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत झोपली. जेवायला उठली, पुन्हा झोपली. बुधवार गेला, गुरुवार गेला. प्रतिभा दर तासाला दाराशी जाऊन श्वास बघून यायची आणि मला खूण करायची की ठीक आहे. तिनं पोरीला काही विचारलं नाही, आणि मलाही विचारू दिलं नाही.

रविवार उजाडला. सवयीनं माझी नजर बारा वाजता दाराकडे गेली. मैथिली झोपाळ्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि प्रतिभा तिच्या डोक्याला तेल लावत होती. घड्याळ कुठेतरी खोलीत होतं. साडेबाराला विमान गेलं असणार. आमच्या छपरावरूनच त्याची वाट आहे, पण धडाका नसतो, त्यामुळे कोणी वर बघितलं नाही. एक वाजला. दीड वाजला.

मग मैथिली आईला काहीतरी हळूच म्हणाली. नाव ठरवलं होतं, एवढे तीनच शब्द मला ऐकू आले. आणि ती रडायला लागली. आधी तोंड दाबून, मग प्रतिभानं तिचा हात तोंडावरून काढला तशी मोठ्यानं, गळा मोकळा सोडून, पोटातून. ओसरीवरची कबुतरं उडाली. आतल्या मांडणीवरची भांडी थरथरली असं मला वाटलं. मी खांबाला धरून उभा राहिलो. नऊ वर्षं मी एकही आवाज जमिनीवर पडू दिला नव्हता, आणि हा माझ्याच अंगणात पडत होता. मी तो पडू दिला.

शेजारच्या पटलेवहिनी हातातलं काम टाकून कुंपणाशी धावत आल्या. काय झालं, कोणाला काय झालं, म्हणून विचारू लागल्या.

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "पोरगी माहेरी आली आहे."